डब्ल्यूपी या भारतीय वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलची कॅब आतून भरताना

आधी बॉडी उघडा आणि मोटर कॅबमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीत, किती घुसली आहे ते मोजा. एचओ म्हणजे १:८७ मापाच्या बऱ्याच मॉडेलांत कॅबची अर्धी जागा मोटर खाते. तिच्याभोवती १ मिमी मोकळं सोडून उरेल त्यात बॅकहेड, म्हणजे फायरबॉक्सची (कोळशाच्या भट्टीची) मागची भिंत, बसवायची. ती २ मिमी मागे सरकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोटर घासली तर मात्र लगेच ऐकू येतं.

मॉडेल बघणाऱ्याची नजर जाते ती खिडकीतून तिरकी किंवा टेंडरकडून, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याकडून. म्हणून बॅकहेडच्या वरच्या अर्ध्या भागावर मेहनत घ्या. खालचे कॉक आणि बारीक नळ्या सावलीतच जातात.

बॅकहेड ०.५ मिमी स्टायरिन (प्लॅस्टिक) शीटमधून कापा. कडा पातळ फाइलने गोल करा, नाहीतर ती पुठ्ठ्यासारखी दिसते. फायरहोल, म्हणजे कोळसा टाकायचं भोक, ४ ते ४.५ मिमी पुरे. रेग्युलेटरचा (वाफ कमीजास्त करण्याचा) दांडा, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचे दोन व्हॉल्व्ह, व्हॅक्युम ब्रेकचं हँडल, दोन वॉटर गेज (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळ्या) आणि तीनचार डायल एवढं बसलं की कॅब ओळखू येते. डब्ल्यूपी ७२०० हे इंजिन जतन करून ठेवलेलं आहे. कोणता भाग कुठे बसतो ते त्याच्या कॅबच्या फोटोंवरूनच ठरवा.

नळ्यांसाठी विकतची तार नको. १४/३६ (३६ गेजच्या १४ तारांची) फ्लेक्सिबल वायर सोलली की प्रत्येक तार ०.१९ मिमी निघते, म्हणजे मूळ इंजिनात साधारण १७ मिमीची नळी. काडेपेटीच्या ज्योतीवर क्षणभर धरा, मऊ होते. मग दोन काचांमध्ये लाटून सरळ करा. ०.३ मिमी ड्रिलने भोक पाडून टोक आत खुपसा, मगच चिकटवा. नुसती वर चिकटवलेली नळी रंगवताना ब्रशला लागून येते. इंजेक्टरच्या जाड नळीला ०.६ मिमी तार घ्या.

डायल १.८ मिमीच्या: पांढऱ्या कागदाच्या चकत्या, वर फेव्हिकॉलचा एक थेंब. वाळला की काचेसारखा चमकतो. सुपरग्लू इथे आणि खिडक्यांजवळ अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. खऱ्या वॉटर गेजच्या मागच्या पट्टीवर काळ्यापांढऱ्या तिरप्या रेषा असतात. पाण्यामागून त्या उलट्या तिरप्या दिसतात, त्यावरून पातळी कळते. या मापात त्या काढायचा हट्ट सोडा, ३ मिमीची पांढरी रेघ चालते.

रंग शुद्ध काळा देऊ नका. छोट्या मॉडेलवर तो भोक पडल्यासारखा दिसतो. मॅट गडद करडा द्या, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट करडा फिरवा. तांबं उघडं ठेवलं तर खेळण्यासारखं चमकतं. सौम्य तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग) द्या, फक्त हात लागणारी हँडलं चकचकीत ठेवा.

फायरहोलमागे ०६०३ आकाराचा नारिंगी एलईडी आणि १२ व्होल्टला १० किलोओहम रेझिस्टर, म्हणजे करंट सुमारे १ मिलिअँपिअर. त्यापेक्षा उजळ झाला तर भट्टी नाही, टॉर्च वाटतो. साध्या डीसी ट्रॅकवर इंजिन उलटं गेलं की तो विझतो, कारण ध्रुव बदलतात. ब्रिज रेक्टिफायर लावा, मग ध्रुव बदलले तरी एलईडीला करंट एकाच दिशेने मिळतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे फॉल प्लेट, म्हणजे इंजिन-टेंडरमधली फट झाकणारी पट्टी. काही मॉडेलांत इंजिन एका रुळावरून करंट घेतं, टेंडर दुसऱ्यावरून. पितळी पट्टी दोघांना टेकली की सरळ शॉर्ट. प्लेट ०.२५ मिमी स्टायरिनची करा, इंजिनाकडेच चिकटवा, टेंडरवर नुसती टेकू द्या. मग आपल्या लेआउटच्या सर्वांत तीव्र वळणावर दोन्ही दिशांनी हाताने ढकलून पाहा. अडली तर कोपरे तिरके कापा.

शेवटी माणसं. डावीकडे ड्रायव्हर, मागे दोन फायरमन. १:८७ ला १७० सेंमीचा माणूस १९.५ मिमी, ओओ म्हणजे १:७६ मापाचा २२ मिमीच्या वर जातो आणि छताला डोकं टेकवतो. फायरमनच्या पायांखालचा पाया कापून टाका, नाहीतर तो चौथऱ्यावर उभा राहून कोळसा टाकताना दिसेल. छप्पर कायमचं चिकटवू नका, तार कधी ना कधी सुटतेच.