गाडीत राहायचं पुस्तक घेण्याआधी अभिप्राय कसे वाचायचे

नोव्हेंबर २०२३ पासून अकरा आठवडे मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत माझ्या जुन्या एसयूव्हीत राहिले. नोकरी गेली होती, घराचा करार संपला होता आणि ओळखीच्यांकडे इतके दिवस राहणं मनाला पटेना. गाडीत जाण्याआधी या विषयावरची आणि ‘वेलनेस’ची, म्हणजे तन-मन निरोगी ठेवण्याची, मिळून चार पुस्तकं लायब्ररीतून आणली, त्यांच्यावरचे वाचकांचे अभिप्राय रात्र रात्र वाचले. ते वाचायचे कसे, हे मात्र मला उशिरा उमगलं. कुणावर ही वेळ आली, किंवा कुणी हौसेनं निघालं, तर त्यांना ते आधीच कळावं म्हणून लिहितेय.

आधी तारे बघणं सोडा. पाच तारे देणाऱ्या कित्येकांनी पुस्तक घरातल्या सोफ्यावर वाचलेलं असतं. ‘जगण्याकडे बघायची नजर बदलली’ हे त्यांच्यापुरतं खरं असेलही, पण रात्री दोन वाजता थंडीनं जाग येते तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. तुम्ही एवढंच शोधा: या माणसानं गाडीत किती रात्री काढल्या, कोणत्या गाडीत, कोणत्या महिन्यात आणि कुठे?

‘कुठे’ला फार महत्त्व आहे. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला दर हिवाळ्यात गाड्यांत राहणारे हजारो लोक जमतात. मी गाडीत होते त्या हिवाळ्यात तिथल्या सरकारी वाळवंटात १८० डॉलरमध्ये १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येत होता. पुस्तकांतला बराचसा सल्ला असल्या कोरड्या हवेतला आहे. ‘खिडक्या घट्ट बंद करा, काचांना आतून चंदेरी पत्रे लावा’ असं वाचून मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रा काढला तर काचेवरून पाण्याचे ओघळ चाललेले, गोधडीचा काठ ओलाचिंब. पंच्यानं पुसत गेले, तो दोनदा पिळावा लागला. सगळं पाणी माझ्याच श्वासाचं. उपाय सापडला तो तीन ताऱ्यांच्या एका अभिप्रायात: समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकची पट्टी लावा. लिहिणाऱ्या बाईनं ओरेगन राज्याच्या दमट किनाऱ्यावर हिवाळा काढला होता.

म्हणून मी दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचते. तक्रार नीट वाचली तर त्यात माहिती असते. ‘अर्धं पुस्तक बॅटरी आणि सोलरवरच आहे’ अशी कुरकुर असेल आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असेल, तर पुस्तक तुमच्यासाठीच आहे. ओळीनं पाच जण पाठच्या कव्हरवरचीच वाक्यं लिहीत असतील, तर सरळ पुढे जा.

तारीखही बघा. २८ जून २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात निकाल दिला की सार्वजनिक जागेत मुक्काम करून झोपणाऱ्यांना शहरांनी दंड केला, तर ती घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. त्यानंतर अनेक शहरांनी नियम कडक केले. त्याआधीच्या अभिप्रायातलं ‘इथे कुणी उठवत नाही’ हे वाक्य आज धरून चालू नका. त्या शहराचा नियम स्वतः तपासा. रात्री अधिकृतपणे गाडी लावू देणाऱ्या ‘सेफ पार्किंग’च्या जागाही शोधा. कॅलिफोर्नियातल्याच सांता बार्बरात असा कार्यक्रम २००४ पासून आहे.

आता वेलनेसच्या पुस्तकांबद्दल. याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण ही पुस्तकं घर आहे असं गृहीत धरून लिहिलेली असतात. एकात झोपण्याआधी मेणबत्ती लावून शांत बसायला सांगितलं होतं, आणि खाली कितीतरी जणांनी त्याच सवयीचं कौतुक केलं होतं. बंद गाडीत मेणबत्ती, शेगडी, काहीही पेटवू नका. इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म उशाशी हवाच. दुसऱ्या पुस्तकात पुढची सीट मागे टेकवून ‘दीर्घ विश्रांती’ घ्यायचा सल्ला होता. चार रात्रींत माझे घोटे असे सुजले की बूट चढेनात. पाय लोंबकळत ठेवून रोज झोपलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, असं डॉक्टरांनी बजावलं. मग मागची सीट पाडली, मधल्या खळग्यात कपड्यांच्या पिशव्या कोंबल्या, वर गोधडी टाकली आणि आडवी झोपू लागले. आठवडाभरात सूज उतरली.

पुस्तक वापरून झालं की तुमचाही अभिप्राय लिहा, आणि त्यात स्वतःची उंचीसुद्धा घाला. मी लिहिलेला असा आहे: ‘उंची पाच फूट दोन इंच. जुनी एसयूव्ही, सॅन होजे, नोव्हेंबर ते जानेवारी, ७७ रात्री. तिसरं प्रकरण, पाण्याच्या हिशेबाचं, रोज वापरलं. झोपेचं प्रकरण दमट हवेत चालत नाही. बाईमाणसानं रात्री लघवीला कुठे जायचं, याबद्दल पुस्तकात एक ओळही नाही. मी रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा डबा ठेवला होता.’