नाटक-नृत्यातली पदवी: सांगली-साताऱ्यातून आखणी कशी करायची

नाटकात किंवा नृत्यात पदवी घ्यायची म्हटलं की घरातली चर्चा ‘पुढं पोट कसं भरणार’ इथून सुरू होते. ती व्हायलाच हवी. पण त्याआधी वही-पेन घ्या आणि आठवड्याचे तास मांडा. ही पदवी मधेच सुटते तेव्हा बऱ्याचदा कारण वेळेचं असतं, आणि ते आधी कुणी मोजलेलं नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत राज्यातल्या विद्यापीठांत एका सत्राला साधारण २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) असतात. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १७६ ची. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास वर्ग, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. समजा तुमच्या सत्रात १० क्रेडिट थिअरी आणि १२ प्रात्यक्षिक आहेत. मग १५० अधिक ३६०, म्हणजे ५१० तास झाले. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३४ तास. सगळे पेपर थिअरीचे असलेल्या मित्राचे तेवढ्याच क्रेडिटला २२ तास होतात. तुमच्या ३४ वर रोजचा दोन तास रियाज किंवा आवाजाची मेहनत चढवा, की आकडा ४६ च्या पुढं जातो. प्रयोगाच्या आधीचा महिना संध्याकाळच्या तालमींचा, तो वेगळाच.

या हिशोबात साताऱ्याहून पुण्याला रोज ये-जा बसत नाही. अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे, दिवसाचे पाच तास एसटीत जातात, आणि संध्याकाळची तालीम सोडून स्टँड गाठणाऱ्याला मोठी भूमिका मिळत नाही. सांगली-कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. ते नाटकाला जमेल, नृत्याला जड जाईल, कारण प्रवासाने आखडलेल्या पायांनी सकाळी आठला तत्कार (कथकमधलं मूळ पदकाम) नीट पडत नाही. खोलीचं किंवा वसतिगृहाचं भाडं फीच्याच रकान्यात लिहा. फी परवडते आणि राहणं परवडत नाही, असं निम्म्या घरांत होतं.

नाटक की नृत्य

महाराष्ट्रात नाटक आणि नृत्य अशी एकत्र पदवी सहसा मिळत नाही. एक मुख्य विषय घ्यावा लागतो. निवड करताना आवड किती यापेक्षा एक साधी गोष्ट बघा: एकट्याने रोज काय करता येतं? नृत्याला एकट्याचा रियाज रोज लागतो आणि वर्षं लागतात. अठराव्या वर्षी शून्यापासून भरतनाट्यम सुरू करून चार वर्षांत मंचावर एकट्याने तासभर उभं राहणं फार थोड्यांना जमतं. नाटकात अठराव्या वर्षी सुरुवात केली तरी चालतं, पण मग माणसं लागतात, जागा लागते आणि दुसऱ्याच्या वेळेवर चालावं लागतं. दोन्ही हवंच असेल तर नाटक मुख्य ठेवा आणि नृत्य गुरूंकडे स्वतंत्र चालू ठेवा. उलटं सहसा जमत नाही.

जायचं कुठं

बारावीनंतर थेट पदवीसाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र हे आपल्याकडचं पहिलं नाव. तिथं संगीत, नृत्य आणि नाटक गुरुकुल पद्धतीने शिकवतात. नृत्यासाठी पुण्यातच भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे आणि मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय. नालंदामध्ये भरतनाट्यम आणि कथकबरोबर मोहिनीअट्टमही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची चार वर्षांची बीपीए, म्हणजे परफॉर्मिंग आर्ट्समधली पदवी, बघा. जवळचा पर्याय म्हणजे शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, कोल्हापूर. नाटकातल्या पदव्युत्तरसाठी मुंबई विद्यापीठाची कालिन्यातली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककलेकडे ओढा असेल तर तिथलीच लोककला अकादमी. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आपल्याच वाळवा तालुक्यातलं. त्यामुळे लोककला हा ‘दुसरा पर्याय’ म्हणून लिहू नका.

इथंच पदवी, तालीम वेगळी

ही वाट कमी लेखली जाते. बी.ए. किंवा बी.कॉम. सांगली-साताऱ्यातच करायचं, कलेचं शिक्षण समांतर चालू ठेवायचं आणि पदव्युत्तरला बाहेर पडायचं. घरची ओढाताण असेल तर हीच निवडा.

नृत्यासाठी हिशोब असा: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात. वर्षाला एक धरली तर सात वर्षं. सातवी-आठवीत सुरू केलेल्याला पदवीच्या वर्षांतच विशारद मिळतं, आणि कोणतीही पदवी अधिक विशारद एवढ्यावर अनेक ठिकाणी नृत्यातल्या एम.ए.ची प्रवेश चाचणी देता येते. मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत वगैरे कामं आपल्याला घरच्यासारखी. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. बारावीच्या वर्षी कोणतीच देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा: नुसतं विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. नोकरीच्या अर्जात ‘पदवीधर’ या रकान्यात ते चालत नाही.

नाटकवाल्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. तिथं पदवीबरोबर किमान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतल्याचा अनुभव मागतात, हिंदी-इंग्रजीही कामापुरती यावी लागते. सहा भागिले तीन वर्षं, म्हणजे वर्षाला दोन नाटकं. युवा महोत्सवातली एकांकिका, राज्य हौशी नाट्य स्पर्धा आणि कामगार कल्याणची नाट्य स्पर्धा धरल्या तर सांगलीत हे सहज होतं. अडतं ते पुराव्याशी. प्रत्येक नाटकाची माहितीपत्रिका, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण आणि दोन फोटो त्याच आठवड्यात फाइलला लावा. तीन वर्षांनी दिग्दर्शक नोकरीला निघून गेलेला असतो, ग्रुप मोडलेला असतो आणि सही कुणाची घ्यायची हा प्रश्न पडतो.

सहापैकी किमान दोन नाटकांत पडद्यामागे काम करा. भावे नाट्यमंदिरात प्रयोग लागला की प्रकाशयोजना करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून क्यू-शीट लिहायला शिका: कोणत्या वाक्यावर, कोणता दिवा, किती सेकंदांत वर. संहितेचं प्रमाणपत्रही एकदा स्वतः काढा. महाराष्ट्रात प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून ते घ्यावं लागतं, आणि नवीन संहिता घेऊन उतरलेले ग्रुप नेमके इथं अडकतात.

नृत्याच्या चाचणीची तयारी

कथकच्या चाचणीत हमखास बघतात तो तत्कार, तीनतालात, बरोबरी, दुगुन आणि चौगुन, म्हणजे एकपट, दुप्पट आणि चौपट लयीत. सोपं वाटतं. पण पाय कसे पडतात ते बघा:

ता (उजवा) थेई (डावा) थेई (उजवा) तत् (डावा)
आ (डावा) थेई (उजवा) थेई (डावा) तत् (उजवा)

‘तत्’वर डावा आणि लगेच ‘आ’वर पुन्हा डावाच. ओळ संपून पुन्हा ‘ता’वर येतानाही उजवा दोनदा. बरोबरीत हे सांधे कळत नाहीत. चौगुनमध्ये मात्र वजन दुसऱ्या पायावर वेळेत गेलं नाही तर दुसरा ठोका नुसता घासतो, आवाज येत नाही, आणि परीक्षकाला नेमकं तेच ऐकू येतं. त्यावर उपाय: घुंगरू काढा, लय मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि फक्त ‘तत् आ’ एवढा तुकडा दहा मिनिटं करा. मग पाच-पाचने लय वाढवा. ठोका विरला की त्या दिवशी तिथंच थांबा. घुंगरू सुरुवातीला प्रत्येक पायात पंचवीस-पन्नास पुरतात, शंभरची घाई नको. जास्त घुंगरांचा नाद कच्चे ठोके झाकतो आणि नडगीवर भार वाढवतो. तोडे (बोलांच्या छोट्या रचना) नाचता येतात, पण हाताने ताल धरून पढंत, म्हणजे ते बोल तोंडाने म्हणणं, येत नाही, अशीही गत असते. पढंत करायला लावतातच.

भरतनाट्यममध्ये अडवू (मूळ पदन्यास) आणि अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं). दहा मिनिटांनी गुडघे आत झुकू लागले की तयारी अपुरी आहे असं समजा, मग पुढं कितीही चांगलं जतिस्वरम करा.

जमिनीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी, नाहीतर स्लॅबवर टाइल. दोन्ही तसूभर दबत नाहीत, ठोक्याचा धक्का जातो नडगीत आणि गुडघ्यात. आठ बाय चार फुटी, १९ मिलिमीटरची एक प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली रबरी मॅट एवढ्यावर काम भागतं. सतरंजी घालू नका, फळी सरकते. नडगीच्या आतल्या कडेला बोट लावून दुखत असेल तर दोन-तीन आठवडे ठोके बंद, हस्तक (हातांच्या हालचाली) आणि अभिनय चालू. तसंच रेटलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते आणि मग महिने जातात.

नाटकाच्या चाचणीची तयारी

दोन ते तीन मिनिटांची दोन स्वगतं हवीत, एकमेकांपासून लांबची. दोन्ही रडकी नकोत. यूट्यूबवर गाजलेलं स्वगत घेतलंत तर परीक्षक तुमच्यात मूळ नटाला बघतात. निवडलेल्या स्वगताचं नाटक पूर्ण वाचा. ‘या वाक्याच्या आधी कोण बाहेर गेलं?’ एवढ्या एका प्रश्नावर तयारी उघडी पडते. मधेच थांबवून ‘हेच आता कुजबुजत कर’ असं सांगतील, तेव्हा ठरवून आणलेला हातवारा सोडता यायला हवा.

उच्चारांसाठी रोज वीस मिनिटं मोठ्यानं अग्रलेख वाचा आणि रेकॉर्ड करून ऐका. न-ण, श-ष, आणि त्याहून बारीक म्हणजे च-ज यांचे दोन-दोन उच्चार. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘तू जग’ यांतले ज वेगळे. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतलेही वेगळे. त्याच वेळी आपली बोली पुसून टाकू नका. एक स्वगत प्रमाण मराठीत आणि एक इकडच्या बोलीत असेल तर दोन्हीचा ताबा दिसतो. नुसता हेल काढणं म्हणजे मात्र बोली नव्हे.

सांगलीचा उमेदवार म्हटलं की मुलाखतीत गाव निघतंच. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगली दरबारात ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून तो रंगभूमी दिन, हे येतंच तुम्हाला. देवल हरिपूरचे, बालगंधर्व नागठाण्याचे, हेही येत असेल. पुढचा प्रश्न येतो तो ‘त्या खेळात सूत्रधार काय करायचा?’ तेवढं वाचून जा. नाट्यपंढरीत राहतो, एवढं उत्तर पुरत नाही.

वेळापत्रक आणि कागद

युवा महोत्सव साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी त्याच्या पाठोपाठ, आणि सत्र परीक्षा नेमक्या त्याच सुमारास. जूनमध्येच तिन्ही एका कागदावर लिहून एक स्पर्धा सोडा. ७५ टक्के हजेरी नाटकवाल्यांना सवलतीत मिळत नाही. महोत्सवाचं पत्र जाण्याआधी विभागात द्या, आल्यावर दिलेलं चालत नाही.

शिष्यवृत्तीत केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची योजना बघा: वय १८ ते २५, गुरूंकडे किमान पाच वर्षं शिक्षण, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. बाकी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर एप्रिलमध्येच तहसीलला टाका, जूनमध्ये रांग लागते. जात पडताळणी अकरावीतच.

आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला. जूनमध्ये ‘हातात एक असू दे’ म्हणून जवळच्या कॉलेजात प्रवेश घेतात, दाखला तिथं जमा होतो. जुलैत पुण्याच्या चाचणीची यादी लागते आणि दोन दिवसांत मूळ कागद मागतात. इकडं प्रवेश रद्द करायचा अर्ज, प्राचार्यांची सही, फी परताव्याचा फॉर्म, असे चार दिवस. जवळचा प्रवेश घेताना रद्द करायची पद्धत काउंटरवर विचारून घ्या, रद्दचा अर्ज लिहून घरी तयार ठेवा, आणि दाखल्याच्या सहा साक्षांकित प्रती काढूनच मूळ प्रत हातावेगळी करा.