राउटरवर ट्रॅफिक शेपिंग लावताना या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या फ्लॅटमधून मिहानच्या ऑफिसशी व्हिडिओ कॉल चालू आहे आणि आतल्या खोलीत कोणीतरी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवतंय. लाइन 100 एमबीपीएसची, तरी आवाज तुटतो. मग राउटरमध्ये ट्रॅफिक शेपिंग, म्हणजे वेगाला मर्यादा घालून कोणाचा डेटा आधी जाईल हे ठरवणारं क्यूओएस, चालू केलं जातं आणि ढिम्म फरक पडत नाही. अशा वेळी आधी वेगाच्या रकान्यात काय भरलंय ते बघा.

प्लॅनवर छापलेला 100 तसाच भरला असेल, तर मुसळ केरात. लाइन प्रत्यक्षात 92 देते, राउटर मात्र 100 धरून पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, बिनधास्त पुढे ढकलतो. ती तुंबतात मोडेममध्ये किंवा नेटवाल्याच्या यंत्रात, आणि तिथे तुमचा प्राधान्यक्रम कोण विचारतो? रांग आपल्याच राउटरवर लागली पाहिजे. त्यासाठी लॅपटॉप वायरने जोडून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी वेग मोजा आणि त्याच्या 85 ते 90 टक्केच भरा. डाउनलोडचा आकडा वेगळा, अपलोडचा वेगळा. अपलोड रिकामं सोडणारे खूप. वरच्या उदाहरणात घोळ नेमका तिथेच आहे. एककही तपासा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम ही शेपिंगची सोय असते, तिथे आकडा केबीपीएसमध्ये लागतो, 80 एमबीपीएस म्हणजे 80000. नुसतं 80 लिहिलंत तर अख्खं घर बोंब मारेल.

टीव्ही, गेम, सगळ्यांचे फोन, सगळ्यांनाच ‘हाय’ देऊन ठेवणं ही दुसरी हौस. सगळेच व्हीआयपी झाले की रांग जशीच्या तशी. राउटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग सांभाळणाऱ्या पद्धती) असेल तर याद्या करतच बसू नका. ते प्रत्येक प्रवाहाला आपसूक वाटा देतात.

नेटवाल्याच्या डब्याचं वायफायही चालूच असेल आणि टीव्ही त्यावरच असेल, तर तुमच्या राउटरला त्या टीव्हीचा पत्ताच नसतो. डब्याचं वायफाय बंद करा. हार्डवेअर ऑफलोडिंगही (पॅकेट थेट चिपमधून पुढे काढण्याची सोय) बंद हवं, नाहीतर पॅकेट शेपरला वळसा घालून जातात. त्यानंतर स्वस्तातल्या राउटरचा प्रोसेसर धापा टाकू शकतो, म्हणून वेग पुन्हा मोजा.

जमलं की नाही, हे पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, सांगतं. मोठी फाइल अपलोडला लावा आणि गूगलच्या 8.8.8.8 या सर्व्हरला पिंग करा. एरवी 20-30 मिलिसेकंद असतो तो 300 वर गेला, तर आकडा अजून थोडा खाली आणा. पण राउटरच्याच पत्त्यावर, म्हणजे बहुधा 192.168.1.1 वर, पिंग उड्या मारत असेल तर बिघाड वायफायचा आहे आणि शेपिंगने तो जाणार नाही. उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर बसला आणि राउटर त्याच्यामागे गेला असेल, तर आधी त्याला तिथून काढा.