एम्युलेटर की खरा प्रोसेसर : ८०८० आणि झेड८० यांच्या नादात शिकलेल्या काही गोष्टी

डिप्लोमाला असताना प्रयोगशाळेतल्या ८०८५ (इंटेलच्या ८०८० चा वारसदार प्रोसेसर) किटवर हेक्स (सोळाच्या पायावरचे आकडे) कीपॅडने एकेक बाइट भरण्यात माझे बरेच तास गेले, आणि त्यातूनच एका प्रश्नाने मला धरले. एका संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवायचा असेल, तर पहिल्याचा प्रोसेसर सॉफ्टवेअरने उभा करावा (म्हणजे एम्युलेटर लिहावा), की खरा प्रोसेसर असलेले कार्ड दुसऱ्यात बसवावे? नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना हा प्रश्न फक्त वेगाचा वाटतो. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते.

वेगाचे उत्तर सोपे आहे. परक्या प्रोसेसरची एक इन्स्ट्रक्शन वाचणे, ओळखणे, पार पाडणे आणि फ्लॅग (निकालाची नोंद ठेवणारे बिट) लावणे यासाठी एम्युलेटरला स्वतःच्या कितीतरी इन्स्ट्रक्शन खर्च कराव्या लागतात, त्यामुळे दोन्ही यंत्रे तुल्यबळ असतील तर एम्युलेटरचा निभाव लागत नाही. १९८० साली ॲपल टू या संगणकातला ६५०२ प्रोसेसर सुमारे १ मेगाहर्ट्झने चालत असे. त्या संगणकावर ८०८० साठीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रोग्रॅम चालवावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने खरा झेड८० (८०८० च्या इन्स्ट्रक्शन चालवणारा झायलॉगचा प्रोसेसर) असलेले सॉफ्टकार्ड काढले, आणि वर्डस्टार व डीबेस टूसारखे प्रोग्रॅम ॲपल टूवर चालू लागले.

माझ्या दृष्टीने खरा धडा त्या कार्डाच्या रचनेत आहे. ६५०२ ला मेमरीचे पहिले ५१२ बाइट स्वतःच्या झीरो पेजसाठी (पहिले २५६ बाइट) आणि स्टॅकसाठी लागतात, तर सीपी/एमलाही नेमकी मेमरीची सुरुवातच हवी असते; म्हणून कार्डावरचे सर्किट पत्ते सरकवत असे, आणि झेड८० ज्याला शून्य समजत असे ती जागा ६५०२ च्या हिशेबाने १००० हेक्स असे. पडदा, कीबोर्ड आणि डिस्क यांचे काम ६५०२ कडेच होते, म्हणून झेड८० ने मागणी ठेवून थांबायचे, ६५०२ ने ते काम करून ताबा परत द्यायचा, असा व्यवहार चाले. म्हणजे प्रोसेसर अस्सल असला तरी त्याच्याभोवतीचे यंत्र कोणीतरी लिहूनच उभे केलेले होते. नवशिक्यांचे सारे लक्ष प्रोसेसरवर असते. या सांध्याचा अभ्यास मात्र फार थोडे जण करतात.

मी स्वतः सुरुवात ८०८० च्या एम्युलेटरपासून केली, आणि तुम्हीही तेथूनच करावी असे मला मनापासून वाटते. ८०८५ शिकलेल्याला त्याच्या इन्स्ट्रक्शन ओळखीच्या असतात. सीपी/एमचा प्रोग्रॅम ०१०० हेक्सपासून मेमरीत चढतो, आणि काही हवे असेल तर सी रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक ठेवून पत्ता ५ ला कॉल करतो. प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रॅमना त्यांपैकी २ (एक अक्षर छापणे) आणि ९ (डॉलर चिन्हापर्यंतची अक्षरे छापणे) एवढी दोनच कामे पुरतात. डिस्क उभी करण्याची गरज पडत नाही.

माझा एम्युलेटर त्या तपासणीत एकाच गटात सतत नापास होत होता. बेरीज, वजाबाकी, डीएए (दशमान दुरुस्ती), सगळे पुन्हा लिहून पाहिले. चार दिवसांनी इंटेलचे जुने मॅन्युअल शब्दशः वाचले तेव्हा उलगडा झाला : एएनए (बिटवार 'अँड') या इन्स्ट्रक्शननंतर ८०८५ मध्ये ऑक्झिलरी कॅरी (बिट ३ मधून बिट ४ मध्ये जाणाऱ्या हातच्याचा फ्लॅग) नेहमी १ होतो, तर ८०८० मध्ये तो दोन्ही संख्यांच्या बिट ३ च्या 'ऑर'वरून ठरतो. कॉलेजात पाठ केलेले मी न पडताळता उतरवले होते. कार्डावर खरा ८०८० असता तर ही चूक झालीच नसती, आणि हा फरक मला कधी कळलाही नसता.

पुढे ब्रेडबोर्डवर खरा झेड८० बसवला. डेटा बसच्या आठही पिना रेझिस्टरने शून्यावर बांधल्या की प्रोसेसर सतत नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) वाचत राहतो आणि ॲड्रेस बसवरचे एलईडी क्रमाने मोजू लागतात. पहिली चाचणी हीच करावी. माझी मोजणी मात्र हात जवळ नेला की थांबत असे, कारण बसरिक्वेस्टची (प्रोसेसरकडून बसचा ताबा मागणारी) पिन मी मोकळी सोडली होती. ती आणि वेट, इंट, एनएमआय या पिना पुल-अप केल्यावर (रेझिस्टरने १ वर बांधल्यावर) मोजणी अखंड चालू लागली. एम्युलेटरमधली चूक शंभर वेळा चालवली तरी त्याच ओळीवर सापडते. तारांमधली चूक हवेवर बदलते, आणि ती शोधण्याची शिस्त वेगळी असते. म्हणून क्रम उलटा करू नका. शिवाय २०२४ मध्ये झायलॉगने झेड८० च्या झेड८४सी०० मालिकेच्या मागण्या घेणे बंद केले असल्याने ती चिप यापुढे सहज मिळेल असे धरून चालू नये.

तुमच्या कॉलेजात ८०८५ किट अजून चालू असेल, तर एक प्रयोग अवश्य करा. स्टॅक पॉइंटर ठरवून घ्या, मग एक्सआरए ए (ए रजिस्टर शून्य करणारी), एएनए ए, पुश पीएसडब्ल्यू, पॉप बी या इन्स्ट्रक्शन द्या आणि सी रजिस्टरमधला बाइट (स्टॅकमार्गे तेथे आलेले फ्लॅग) मेमरीत साठवून पाहा. त्यातला बिट ४ (ऑक्झिलरी कॅरी) किटवर १ दिसेल. हाच प्रोग्रॅम तुमच्या ८०८० एम्युलेटरवर चालवून तेथे ० आला, तर निदान ८०८५ चा नियम तुमच्या एएनएमध्ये शिरलेला नाही.