आजीचा फोटो, १८४० च्या अमेरिकन स्टाईलमध्ये

आमच्या दादरच्या चाळीत आजीचा फोटो काढायचा म्हणजे आधी पावडर, मग पदर नीट, मग ती आधार कार्डासाठी बसल्यासारखी ताठ. हे मोडायला मला जुन्या अमेरिकन डॅगरोटाईप पोर्ट्रेट्सचा उपयोग झाला, मोबाईलवर तसं कसं करायचं ते लिहितोय.

डॅगरोटाईप म्हणजे फोटो काढायची अगदी सुरुवातीची पद्धत: चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर तो उमटवायचा. आपण पाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, बाकीचं उचलायचं. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने घरच्या दिव्यांच्या दुकानामागे स्वतःचा फोटो काढला तो नेटवर बघून घ्या, केस विस्कटलेले, हाताची घडी, फ्रेमच्या मधोमधही नाहीये, आणि तरी आजचा पोरगा वाटतो.

पहिलं काम उजेड. बोस्टनचे फोटोग्राफर साउथवर्थ आणि हॉज छतातल्या काचेतून येणारा उजेड वापरायचे, त्यांनी काढलेला लेम्युएल शॉ या न्यायाधीशांचा फोटो बघा, वरून ऊन पडलंय आणि चेहरा खडकासारखा दिसतोय, सुरकुती लपवायचा प्रयत्नच नाही. आपल्याकडे छतात काच कुठली, वर तिसरा मजला. मी गॅलरीच्या दाराशी खुर्ची तिरकी लावली, घरातले सगळे दिवे बंद, दाराचा खालचा अर्धा भाग चादरीने झाकला म्हणजे उजेड वरूनच येतो. ट्यूबलाइट चुकूनही नको.

दुसरं, हलायचं नाही. तेव्हा सुरुवातीला काही मिनिटं बसावं लागे, चांगल्या लेन्स आल्यावर आणि आयोडिनसोबत ब्रोमिनचीही वाफ द्यायला लागल्यावर वेळ मिनिटाच्या आत आला, तरी डोक्यामागे लोखंडी स्टँडचा चिमटा असायचाच. आम्ही खुर्ची भिंतीला टेकवली आणि मानेमागे घडी केलेला टॉवेल. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ (फोन उजेड किती पटकन पकडतो ते) ५०, शटर २ सेकंद, फोन स्टुलावर टेकवून टायमर लावायचा. एवढ्यात फोटो पांढराफटक होतो, म्हणून लेन्ससमोर गॅस वेल्डिंगच्या गॉगलची पाच नंबरची काच धरायची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते (हिरवट असते पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चालून जातं). काच धरताना फोनला धक्का लागला की सगळं गेलं, माझे पहिले चार असेच गेले, पाचव्यात शेजारची काकू बादली घेऊन गेली, तिची फक्त धूसर रेघ आली.

दोन सेकंद कशाला, असं वाटेल. कारण तेवढा वेळ कोणी खोटं हसू धरून ठेवू शकत नाही. आजी म्हणाली, 'अरे हसू की नको हसू ते एकदा ठरव', मी म्हटलं काहीच करू नकोस, दाराबाहेरच्या पिंपळाकडे बघ. तिचं तोंड जरा सैल पडलं आणि तोच फोटो ठेवला.

आता एडिटिंग. त्या पत्र्यांना निळा रंग पटकन दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून निळं पांढरं आणि लाल काळं यायचं. ब्लॅक अँड व्हाइट करताना लालचा स्लायडर खाली, निळ्याचा वर. आजीचं कुंकू काळंभोर झालं, निळं लुगडं फिकट. पांढरं नेसवू नका, फोटोत त्याचा नुसता पांढरा डाग होतो. सेपिया फिल्टर तर अजिबात नको, चांदीचा रंग थंड असतो.

मग फोटो आडवा उलटा करा, कारण डॅगरोटाईप बहुतेक वेळा आरशासारखा उलटा यायचा. आजीचा पदर दुसऱ्या खांद्यावर गेला, त्यावर ती म्हणाली, 'ही गुजरातीण कोण?'

प्रिंट छोटी काढा, तेव्हाची फार चालणारी साईज पावणेतीन बाय सव्वातीन इंच. ग्लॉसी कागद. ते लोक मखमल लावलेल्या डबीत ठेवायचे, मी आजीच्या बांगड्यांची जुनी मखमली डबी घेतली. आता तिला डबी परत हवी आहे, फोटोसकट.