कोरियनमध्ये ‘करणार आहे’ कसं सांगायचं

इंग्रजी पुस्तकांवरून कोरियन शिकताना ‘विल’ म्हणजे ‘-ल क्कॉयेयो’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. मग प्रत्येक बेत त्याच एका साच्यातून निघतो. बेत कधी ठरला आणि तो समोरच्याच्या बोलण्यावरून ठरला का, यावर कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवट बदलतो. हे भेद मराठीत आयते आहेत, तेव्हा इंग्रजीचा वळसा घेऊ नका.

‘कादा’ म्हणजे जाणे. ‘काल क्कॉयेयो’ म्हणजे ‘जाणार आहे’: बेत आधीच ठरलेला, तुम्ही फक्त कळवताय. ‘कार्यॉगो हेयो’ म्हणजे ‘जायचा विचार आहे’. ‘कागिरो हेस्सॉयो’ म्हणजे ‘जायचं ठरवलंय’. आणि ‘काल क्केयो’ म्हणजे ‘जातो मी’, समोरच्याचं ऐकून दिलेला शब्द.

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या आणि शेवटच्या रूपात होतो. ऑफिसात कुणी म्हणालं, पाणी संपलंय. तुम्ही उठताना ‘चेगा काजॉओल क्केयो’ म्हणालात, तर ‘मी आणतो’. तिथे ‘काजॉओल क्कॉयेयो’ म्हटलंत, तर माझं आणायचं आधीच ठरलं होतं, तुमच्या बोलण्याशी संबंध नाही, असा कोरडा सूर लागतो. चूक व्याकरणाची नसल्याने ती कुणी सुधारूनही देत नाही. ‘-ल क्केयो’ फक्त स्वतःबद्दल बोलताना चालतं. त्याचा प्रश्न होत नाही. ‘कधी जाणार?’ विचारायचं तर ‘ऑन्जे काल क्कॉयेयो?’ आणि ‘काय खाणार?’ असं इच्छा विचारायची तर ‘म्वॉ मॉगुल्लेयो?’. हे दुसरं बरोबरीच्यांत ठीक, वडीलधाऱ्यांना ‘तुशिगेस्सॉयो?’ म्हणावं.

दोन्ही रूपांत ‘क्क’ ऐकू येत असला तरी लिहिताना साधा ‘ग’ लिहायचा. ‘-ल क्केयो’ पूर्वी जोड-‘ग’ने लिहीत, १९८८च्या शुद्धलेखन नियमांनी ते बदललं. आजही कोरियन लोक चॅटवर जुनं रूप लिहितात, त्यावरून शिकू नका.

आता जोडणी. शेवटचा ‘दा’ काढा. धातू स्वरान्त असेल तर ‘ल’, व्यंजनान्त असेल तर ‘उल’: ‘मॉक्ता’ (खाणे) वरून ‘मॉगुल क्कॉयेयो’. धातू ‘ल’नेच संपत असेल तर काही जोडायचं नाही: ‘साल्दा’ (राहणे) वरून ‘साल क्कॉयेयो’. इथे ‘सारुल’ करणारे पुष्कळ असतात. ‘तुत्ता’ (ऐकणे) मधला ‘त’ बदलून ‘तुरुल क्कॉयेयो’ होतं, पण ‘पात्ता’ (मिळणे) मध्ये बदलत नाही, ‘पादुल क्कॉयेयो’. अशी क्रियापदं यादी करून पाठच करावी लागतात, दुसरा मार्ग नाही.

कर्ता तिसरा कुणी असेल तर ‘-ल क्कॉयेयो’ बहुधा अंदाज सांगतं: ‘पिगा ओल क्कॉयेयो’, पाऊस येईल. दुसऱ्याचा पक्का कार्यक्रम सांगायचा असेल तर ‘-ल येजॉङ इएयो’ वापरा. सभा, विमान, परीक्षा यांना तेच शोभतं. उद्याचं नक्की असेल तर साधा वर्तमानकाळही चालतो, आपल्या ‘उद्या पुण्याला जातोय’सारखा. ‘जाणार होतो, पण राहिलं’ याला ‘कार्यॉगो हेस्सॉयो’ म्हणतात, आणि बोलताना हे रोज लागतं, म्हणून ते लवकर शिकावं.

कोरियन विद्यापीठाला पाठवायच्या स्टडी प्लॅनमध्ये यातलं बोलीतलं काहीच नको. तिथे ‘-गोजा हाम्निदा’ हवं: ‘यॉन्गुहागोजा हाम्निदा’, संशोधन करण्याचा मानस आहे. तेही प्रत्येक वाक्याला लावलं की कंटाळवाणं होतं. मुख्य उद्दिष्टाला ते ठेवा, आणि सत्रवार कामांना ‘-ल क्येह्वेगिम्निदा’, म्हणजे ‘अशी योजना आहे’, पुरतं.