मिक्सरवर नवीन पोरगं बसलं तरी आवाज बिघडू नये म्हणून

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला साउंड मिक्सरवर दरवेळी वेगळं कुणीतरी असतं, आणि पाळकसाहेब बोलायला उठले की त्यांचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) कुठला हेच शोधत बसतं.

१. फेडरखाली कागदी मास्किंग टेप लावून मार्करने ठळक लिहा: पाळक, पेटी, ढोलकी, कीबोर्ड.

२. शनिवारी प्रॅक्टिसला आवाज जमला की प्रत्येक फेडरच्या बाजूला टेपचा तुकडा लावून त्यावर फेडर जिथे आहे तिथे रेघ मारा, आणि वरच्या गेनच्या नॉबचा (माइकचा किंवा वाद्याचा आवाज मिक्सरमध्ये किती जोरात घ्यायचा ते ठरवणारं गोल बटण) फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाका, कारण गेन हलला तर त्या रेघेला काही अर्थ राहत नाही, हे मुलांना आवर्जून सांगाच.

फक्त वायरमनची काळी टेप नको, सोलापूरच्या मे महिन्यात तिचा गोंद सुटून सगळं चिकट होतं.